इंदूकाकूची चाळणी

दिलीपचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. संभाजीनगरातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. परीक्षा जवळ आल्या की मुलं वर्षभर दडवलेली पुस्तकं आणून टाकतात, तसाच एक ढीग त्या सकाळी टेबलावर पडला होता. दिलीप माझा चुलतभाऊ, इंदूकाकूचा मुलगा. एरवी त्याचा फोन म्हणजे आधी पाऊसपाणी, मग मिरचीवर पडलेला रोग, मग गावातली लग्नं, आणि ठेवता ठेवता मुद्दा. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "ताई, माय गेली." मी विचारलं, "कुठे गेली?" खरंच विचारलं. तो म्हणाला, "अव, गेली ना ताई. मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती. बसल्या जागी मान टाकली." मी काहीतरी बोलले असेन, आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते काकूचा चेहरा नव्हता, तिचा आवाज नव्हता... ती पिठाची चाळणी होती. माझ्या स्वयंपाकघरात कपाटावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. सात वर्षं ती तिथे होती आणि ती मला परत द्यायची होती.

इंदूकाकू माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. डोणगावात आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून होती. त्या भिंतीतून एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात शिंकायला लावायची. काकाचा गावाबाहेर भाजीचा मळा. वांगी, गवार, मेथी, मिरची पिकवायची काकाने आणि विकायची काकूने. बाजारात ती गोणपाट अंथरून बसली की आजूबाजूचे चार विक्रेते आपोआप हळू बोलायला लागायचे. कोणी वांग्याला नख लावून पाहिलं तर ती सरळ म्हणायची, "लगन करायचं हाये का त्याच्यासंगं?" तिला प्रेमळ वगैरे कोणी म्हणत नसे. ती भांडायची, अबोला धरायची, दोरा वाया घालवला म्हणून माझ्या पाठीत धपाटाही घातलाय तिने. आता ती गेल्यावर तिला देवी करून मखरात बसवायची मला इच्छा नाही. तिला ते आवडलंही नसतं. मखर तिने घरच्याच कशाचं तरी करून दाखवलं असतं.

आमच्याकडे तेव्हा वाढदिवस म्हणजे सकाळी डोक्यावरून अंघोळ, पाटावर बसवून ओवाळणं आणि दुपारी शिरा. त्यात कमी काही आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. मग गल्लीत भाड्याने राहायला आलेल्या ग्रामसेवकांच्या मुलीचा वाढदिवस झाला. मेहकरहून केक आला, रंगीत कागदाच्या पताका लागल्या, फुगे फुगले. मला सहावं लागायला तेव्हा पंधरा दिवस होते. मी घरी येऊन जाहीर केलं की मलाही पताका पाहिजेत, नाहीतर मी जेवणार नाही. आई म्हणाली, नको जेवू. मी एक वेळ उपाशी राहिले, दुसऱ्या वेळी मात्र उपोषण टिकलं नाही, पण रडणं चालू ठेवलं. ते भिंतीपलीकडे गेलंच. काकू हातात निवडायची मेथी तशीच घेऊन आली.

"काऊन रडते व नंदे?"

"मले पताका पाह्यजे."

"पताकाईले काय हाये? कागद तं कागद." ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "जाय, घरात फिर. तुह्याही अन् माह्याही. गोल काय काय हाये ते सारं घेऊन ये."

मी गेले. पहिल्या फेरीत मला एक ताट आणि एक बांगडी सापडली. तिने मला परत पाठवलं. "नीट पाह्य. घर काय चौकोनीच हाये का सारं?" दुसऱ्या फेरीत मला पापडाची टोपली दिसली, पोळपाट दिसला, डब्यांची झाकणं, डोक्यावर घागरीखाली ठेवायची चुंबळ, आजोबांच्या चष्म्याचं डबडं, काकाच्या सायकलीची घंटी. दिलीपने तर सायकलीचा जुना टायर काठीने हाणत हाणत आणला. त्या दुपारी मला आमचं घर पहिल्यांदा दिसलं असं म्हटलं तर ते खोटं नाही. रोज त्याच घरात मी राहत होते, पण त्यात इतकं गोल आहे हे मला माहीत नव्हतं.

मग काकूने अंगणातली काथ्याची बाज उचलली आणि ओसरीच्या भिंतीला उभी टेकवली. हीच तिची सगळी कारागिरी. उभ्या बाजेची वीण म्हणजे आयती जाळी. त्या विणीत ताटं अडकतात, बांगड्या सुतळीने बांधता येतात, मिरच्या नि झेंडू खोचता येतात, खिळा एक ठोकावा लागत नाही. बाजेच्या मागून तिने माझ्या आईची लग्नातली हिरवी साडी सोडली. कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या धुऊन, दाभणाने शिवून त्यांची झालर केली. ताटं चिंचेने घासून लखलखीत केलेली. आणि दिवेलागणीला तिने स्वतःच्या घरातली पिठाची चाळणी आणली, ओसरीतल्या दिव्याला खालून बांधली आणि दार लोटून घेतलं. काका ओरडत होता, "बाई, शॉक बसन कोनाले तरी," आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी होल्डरला गुंडाळत होता. दिवा लागला. चाळणीच्या भोकांतून उजेडाचे शेकडो ठिपके भिंतीवर, छताच्या टिनांवर, आमच्या अंगावर, केक नसल्यामुळे परातीत थापलेल्या शिऱ्यावर पडले. ग्रामसेवकांची मुलगी तोंड उघडं टाकून बघत होती. मला त्याचा जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला होऊ नये इतका होता.

त्यानंतर गल्लीत वाढदिवसांची साथच आली. आमची दोन सोडून अकरा घरं होती गल्लीत, आणि बहुतेक घरांत काकूचीच बाज उभी राहायची. दरवेळी तिची फर्माईश वेगळी. कधी "सारं लाल आना", कधी "वाजनारं आना", कधी नुसतं "लांब". वाजणाऱ्या वाढदिवसाला बैलांच्या घुंगरमाळा आल्या होत्या आणि त्या लेकराच्या आजीला दोन दिवस डोकेदुखी झाली. भाजी तर असायचीच. गवारीचं तोरण, वांग्यांचं झुंबर, मिरच्यांची झालर. ती भाजी दुसऱ्या दिवशी बाजारात जायची आणि काकू गिऱ्हाइकाला सांगायची, "घे, ही गवार कालच वाढदिवसाले जाऊन आली."

तिचे दोन नियम मात्र पक्के होते. पहिला, एका घरातून एकच वस्तू घ्यायची, पण घ्यायची प्रत्येक घरातून. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांच्याकडूनही. कारण ज्याचं ताट भिंतीवर आहे तो ते बघायला येतोच, असं ती म्हणायची. दुसरा नियम आमच्याकडे सगळीकडेच पाळतात, तिने तो फक्त सजावटीला लावला. दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करायचं नाही. ताट आलं तर त्यात शिरा, टोपलीत मुरमुरे, बांगडीबरोबरसुद्धा कागदात गुळाचा खडा. वाढदिवसाच्या दुसऱ्या सकाळी ज्याचा वाढदिवस ते लेकरू आणि त्याची आई घरोघर भांडी पोचवत फिरायची. पण चाळणीत काय घालणार? पीठ घातलं तर गळतं, शिरा घातला तर भोकं बुजतात. मी पहिल्या वर्षी आईला हेच विचारलं, आईला सुचेना, तेव्हा मी रिकामी चाळणी दोन्ही हातांत धरून भिंतीपलीकडे गेले आणि दारातच उभी राहिले.

"काकू, चाळनी घे."

"रिकामी आनली का व?"

मी रडवेली झाले. म्हटलं, "यात काही राहत नाही. मीच आली ना."

काकूने चाळणी घेतली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू आली का? मंग भरली," ती म्हणाली आणि चुलीजवळच्या खिळ्याला तिने चाळणी अडकवली. ते तिथून सुरू झालं. पुढे गल्लीतल्या प्रत्येक लेकराने वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ती चाळणी स्वतः, एकट्याने नेऊन द्यायची. आईने नेलेली चालायची नाही. काकू विचारणार, रिकामी आनली का, लेकराने म्हणायचं, मी आलो ना, आणि काकू म्हणणार, भरली. माझ्या दहाव्या वर्षापर्यंत मी ते म्हटलं. अकराव्या वर्षी मला त्याची लाज वाटायला लागली होती, मी चाळणी खिळ्याला अडकवून पळून आले. काकू भिंतीपलीकडून ओरडली, "नंदे, रिकामी ठेवून गेली व!" मी उत्तर दिलं नाही. मला वाटतं माझी दूर जायची सुरुवात तिथेच झाली.

पुढचं सगळ्यांचं असतं तसंच. मेहकरला शाळा, मग संभाजीनगरला कॉलेज, नोकरी, लग्न. मधल्या काळात मी बोलण्यातला 'मले-तुले' काढून टाकला, फार कष्टाने काढला. वडील गेल्यावर आई माझ्या भावाकडे पुण्याला राहायला गेली, आमचं डोणगावचं घर कुलूपबंद झालं आणि गावी जायचं कारण संपलं, असं आम्ही ठरवून टाकलं. भिंतीपलीकडे एक घर अजून होतं, हे त्या ठरवण्यात कोणी धरलं नाही. काकूचा फोन यायचा. ती फोनवर ओरडून बोलायची, आवाज तारेतून नेटाने ढकलायचा असतो अशी तिची समजूत होती.

माझी मुलगी ओवी पाच वर्षांची झाली तेव्हा आम्ही नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो. सोसायटीतल्या बायकांची आणि माझी नुकती ओळख होत होती. मी हॉल ठरवला, सजावटवाले ठरवले. जलपरीची सजावट... निळ्या-पांढऱ्या फुग्यांची कमान, थर्मोकोलचे शिंपले, कापडी पडद्यावर मासे. काकूला मी फोन केला तो रीत म्हणून. ती येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि खरं लिहायचं तर येऊ नये असंही वाटत होतं. पण वाढदिवसाच्या सकाळी दारावरची बेल वाजली आणि दारात काकू. डोक्यावर पदर, अंगावर प्रवासाची धूळ, आणि पायाशी सुतळीने तोंड बांधलेलं पोतं. पहाटेची एसटी धरून ती एकटी आली होती. ओवीला तिने उचलून घेतलं आणि चहाही न घेता पोत्याची गाठ सोडायला बसली.

"गल्लीतल्या साऱ्याईनं देल्लं हाये," ती म्हणाली. "अकराच्या अकरा घरं. शांताबाईनं पितळीचं ताट देल्लं, तिच्या सासूच्या हातचं. म्या म्हटलं, नंदीच्या पोरीचा वाढदिवस हाये, तं कोनी नाही म्हटलं नाही. तुह्याइथी बाज नसन, मले माहीत हाये. पन पलंग उभा करता येते."

मी तिचा हात धरला. गाठ अर्धी सुटली होती, आत काहीतरी चमकलं, कुणाची तरी परात असेल. मी म्हटलं, "काकू, इथे हे शोभायचं नाही गं. सगळं ठरलंय. आणि हॉलवाल्यांना असं काही लावलेलं चालत नाही." शेवटचं वाक्य खोटं होतं. हॉलवाल्यांना मी विचारलंच नव्हतं. माझे यजमान मागून म्हणाले, "अगं, दोनचार वस्तू लाव की टेबलापाशी," आणि मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत गेले.

काकू माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं, रागाची तिला सवय होती आणि मलाही. ती म्हणाली, "हाव, बरोबर हाये. मले कायले समजते इथलं." तिने सुतळीची गाठ पुन्हा मारली, घट्ट, बाजाराला जाताना मारायची तशी. मी पोतं पलंगाखाली सरकवलं. संध्याकाळी ती हॉलमध्ये मागच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. एक फुगा फुटला तेव्हा दचकली आणि मग एकटीच हसली. मी तिची ओळख करून दिली ती "गावाकडच्या काकू" अशी. बायका नमस्कार करून पुढे गेल्या. केकचा तुकडा तिने चमच्याने खाल्ला, बशी पुसून ठेवली. सजावट कशी वाटली असं मी तिला विचारलं, तेव्हा म्हणाली, "मस्त हाये. उद्या कुठी जाते हे सारं?" मी म्हटलं, फेकून देतात.

दुसऱ्या सकाळी मी तिला साडी नेसवली, मिठाईचा डबा दिला, रिक्षात बसवून स्टँडवर सोडलं. सगळं रीतीने केलं. पोतं मीच उचलून बसमध्ये ठेवलं. ते वाजलं, आत भांड्यावर भांडं आपटलं, आणि तरीही माझ्या डोक्यात आलं नाही. अकरा घरची अकरा भांडी मी रिकामी परत पाठवत होते. ज्या गल्लीत गुळाच्या खड्याशिवाय बांगडी परत जात नाही त्या गल्लीत. मी तिथेच वाढले होते, मला कोणी शिकवायला हवं होतं असं नाही. मी विसरले होते, आणि विसरणं ही काही सबब होत नाही.

घरी आले तर ओवीच्या हातात चाळणी. म्हणाली, आजीने दिली. तेवढ्यात... म्हणजे तासाभरात, काकूचा फोन आला, जालन्याच्या स्टँडवरून, कुणाच्या तरी फोनवरून. "नंदे, चाळनी तेवढी म्या पोरीजवळ ठेवली. पाठवजो नको कोनासंगं. पोट्टीच घेऊन येईन आपल्या हातानं." मी म्हटलं, "हो काकू, दिवाळीत येतो आम्ही."

त्या दिवाळीला गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात ओवीचे पोहण्याचे क्लास होते. मग दोन वर्षं आजारपणाच्या भीतीत सगळेच घरात बसले. काकूचे फोन यायचे आणि शेवटी ती हसत विचारायची, "चाळनी कवा आनते व?" एकदा मी म्हटलं, "काकू, चाळणीवाचून अडलं असेल तर मी नवी स्टीलची पाठवते ना." मग तिचा मोठा आवाज, पण नेहमीइतका मोठा नाही. "पीठ चाळाले हाये व दुसरी." समृद्धी महामार्ग झाला, डोणगाव आम्हाला दोन तासांवर आलं. मेहकरला दोन लग्नांना गेले आणि मंगल कार्यालयातूनच परत फिरले. गेल्या वर्षी कॉलेजच्या लोकांबरोबर लोणारचं सरोवर बघायला गेले होते. तिथून डोणगाव तासाभराचाही रस्ता नाही. गाडीत जागा नव्हती असं नाही, कोणी थांबायला नाही म्हटलं असतं असंही नाही. चाळणी बरोबर नव्हती, ओवी बरोबर नव्हती, रिकाम्या हाताने कसं जायचं, असं मी मनाला सांगितलं. मन अशा वेळी लगेच ऐकतं.

दिलीपचा फोन आल्यावर मी तशीच निघाले, पण पोचेपर्यंत तिला नेलं होतं. ओसरीत अर्ध्या बांधलेल्या मेथीच्या जुड्या तशाच पडल्या होत्या. तेरवीला पुन्हा गेले. जेवणं उरकल्यावर बायका ओसरीत बसल्या होत्या, तेव्हा शांताबाई माझ्याजवळ सरकल्या. काकूच्या बरोबरीच्या, आता नीट दिसत नाही त्यांना. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "नंदाबाई, तुमचा मोठेपना हाये. आमचं पितळीचं ताट पोरीच्या वाढदिवसाले मधोमध लावलं होतं म्हने ना तुम्ही? इंदूनं सांगतलं. साहेबाईच्या बायका विचारत होत्या, कोनाचं हाये म्हने हे ताट. अन् वापस देताना पेढे. मले चार पेढे होते."

मला काही कळेना. मी दारात उभ्या दिलीपकडे पाहिलं. तो म्हणाला, "हो ना ताई. म्या तिले घ्याले मेहकरले गेलतो. स्टँडवर उतरली तं म्हने, आधी पेढे घे. म्या म्हटलं, कायले एवढे? तं म्हने, नंदीनं सांगतलं, भांडे रिकामे देजो नको. घरी आली अन् पहिले अकरा घरं फिरली, पानीही नाही पेली."

प्रत्येक घराला तिने वेगळं सांगितलं होतं. ते मला त्या ओसरीत एकेक करून ऐकावं लागलं. एकीची परात केकच्या मागे होती, एकीच्या हिरव्या बांगड्यांचं तोरण दाराला, एकीची टोपली फुलांनी भरलेली. ज्या वाढदिवसात त्यातली एकही वस्तू पोत्याबाहेर आली नाही, तो वाढदिवस काकूने एसटीत बसल्या बसल्या, संभाजीनगर ते मेहकर, सगळा नव्याने सजवला होता. त्यात प्रत्येकीचं भांडं तिने जागेवर लावलं. आणि माझं नावही. मी शांताबाईंच्या हातात हात तसाच ठेवून बसून राहिले. खरं सांगायची ती वेळ होती आणि मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "हो, फार शोभत होतं ताट."

ते आता इथे लिहिते आहे. हे छापणाऱ्या वर्तमानपत्राची पुरवणी डोणगावात येते, शांताबाईंची नात त्यांना ती वाचून दाखवते हे मला ठाऊक आहे. शांताबाई, तुमच्या सासूबाईंच्या हातचं ताट मी पाहिलंसुद्धा नव्हतं. ते एक रात्र माझ्या पलंगाखाली होतं. पेढे काकूचे होते. तुम्ही सगळ्यांनी सात वर्षं माझं जे कौतुक केलं ते तिचं आहे, तिच्या नावावर करा.

तेरवीनंतर पंधरा दिवसांनी मी ओवीला घेऊन पुन्हा गेले. आता ती बारा वर्षांची आहे. चाळणी तिने मांडीवर धरली होती. जालना मागे पडल्यावर तिने विचारलं, "आई, ही तर जुनी आहे, थोडी चेपलीपण आहे. परत कशाला द्यायची?" मी तिला सगळं सांगितलं, गोल वस्तूंपासून पोत्यापर्यंत. काही गाळलं नाही. "म्हणजे तू त्यांचं पोतं उघडलंच नाहीस?" "नाही." मग तिने चाळणी काचेशी धरली आणि उन्हाचे ठिपके आपल्या फ्रॉकवर पडू दिले. पुढे मेहकर येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

घरी दिलीपची बायको सविता चुलीपाशी, म्हणजे आता जिथे गॅस आहे तिथे, भाकरी करत होती. ओवी दारात उभी राहिली, दोन्ही हातांत चाळणी, आणि मी सांगितलेलं तिने नीट म्हटलं, "मामी, चाळणी घ्या." सविताने पदराला हात पुसले, पण चाळणी घेतली नाही. भिंतीकडे बोट केलं. सासूला ती मामीजी म्हणायची.

"तूच लाव, बाई. त्याच खिळ्याले. सात वर्सं झाले, मामीजींनी तिथं काही लावू देल्लं नाही. म्या एकदा गाळनी अडकवली तं माह्यावर केवढ्या वरडल्या. म्हने काढ ते, चाळनीची जागा हाये ते. पोट्टी घेऊन येऊन राह्यली हाये."

ओवीने टाचा उंच करून चाळणी खिळ्याला अडकवली. ती जराशी हलली आणि भिंतीला टेकून थांबली. ओवी वळून माझ्याकडे बघत उभी राहिली, काकूचा तो प्रश्न कोणी विचारेल म्हणून. काय उत्तर द्यायचं ते तिला मी गाडीत शिकवून ठेवलं होतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, सविता ती उलटायला वळली. ओवी वाट बघत होती. मीही बघत होते.